बाबांचे फोटो असलेलं कार्ड

प्रवीण,

कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन मी बीडला चाललेय. आईला सांग, रविवारी बाबांच्या पुण्यानुमोदनाला हार घालायला त्यांचा फोटो मोठा करून आणायला गेलेय.

खरं फक्त तुला सांगते. कार्डात जागा उरली नव्हती, म्हणून काल नको असलेले फोटो पुसायला बसले आणि चुकून अख्खं कार्ड फॉरमॅट केलं. फोकस शिकताना बाबांना समोर बसवून काढलेले सगळे फोटो गेले. "आगं, माझे कावून काढतीस? त्या दारातल्या लिंबाचे काढ की," म्हणत ते हसले होते ना, तो एकच नीट आला होता. तोही गेला. लॅपटॉपवर घ्यायचं मी आज-उद्या करत राहिले.

स्टुडिओवाले विलासदादा फोनवर म्हणाले, "त्यावर नवा फोटो काढला नसंल तर मिळतील, ताई." येते म्हणून मी फोन ठेवला. पण पुसलं गेलंय हे कळायच्या आधीच मी एक काढला होता, बाबांच्या रिकाम्या खुर्चीचा. तो नेमका त्यांच्या हसण्यावरच उमटला असेल तर?

दुपारपर्यंत माझा फोन आला नाही, तर बाबांच्या आधार कार्डावरचा फोटो काढून ठेव. आईला मात्र इतक्यात दाखवू नकोस. त्यात ते आपले बाबा वाटत नाहीत.

ताई