रविवारचं भरीत

सर, मी तुमच्यावर जळायचो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आधी तेच लिहावंसं वाटलं. तुमच्या मानसशास्त्राच्या वर्गातून दुसऱ्या वर्षाला उठून गेलो ते तिच्याशी लग्न करायला, आणि तीन वर्षांनी परत तुमच्यासमोर येऊन बसलो ते तिच्याचसोबत. तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता. आमची भांडणं अख्ख्या वॉर्डाला ऐकू जायला लागली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनीच आम्हाला समुपदेशनासाठी तुमच्याकडे पाठवलं.

दर रविवारी सकाळी, पिंप्राळ्यात तुमच्या ओट्यावर. नियम एकच: ती जे बोलेल ते आधी मी माझ्या तोंडानं सांगायचं, मग माझं बोलायचं. मला तेवढंही जमत नसे. ती तुमच्याकडे बघून बोलतेय, हसतेयसुद्धा, आणि मी पायरीवर स्कूटरची किल्ली बोटाभोवती फिरवत बसलोय. घरी माझ्याशी हूं नाही की चूं नाही.

एका रविवारी तिनं तुम्हाला सांगितलं, की इंजेक्शनं सुरू झाल्यापासून भाजल्या वांग्याच्या वासानंच तिला मळमळतं. आणि मी दर आठवड्याला सावद्याला तिच्या माहेरच्या मळ्यातून वांगी आणून कपाशीच्या काड्यांवर भाजत होतो, तिच्या आवडीचं भरीत म्हणून. ती मुकाट्यानं खायची आणि मागच्या दारी जाऊन ओकायची.

"काय म्हणाली ती?" तुम्ही मला विचारलंत.

"सर फार चांगले आहेत म्हणते."

तुम्ही हसलात. "मी चांगला नाही रे भाऊ. माझं मन मोडायची तिला भीती नाही, एवढंच."

त्यानंतर मी गप्प बसायला शिकलो. महिन्याभरानं एका सकाळी स्वयंपाकघरात तिनं डोक्यावरचा रुमाल सोडला. "सगळे गेले. मला आरशात बघवत नाही. तू बघ." मी म्हणालो, "तुला बघवत नाही. मी बघायचं." आणि बघितलं. हे तिनं तुमच्याआधी मला सांगितलं होतं, सर.

त्याच दुपारी कॉलेजचा शिपाई दारात येऊन तुम्ही गेल्याचं सांगून गेला. पाच वाजता नेणार होते. ती आत झोपली होती. उठली असती तर तुमच्यासाठी रडली असती, आणि तो दिवस मला माझा हवा होता. तिसऱ्या दिवशी सांगितलं, निरोप उशिरा मिळाला म्हणून.

ती बरी झाली. काल भाजी निवडता निवडता म्हणाली, "सरांचं शेवटचं दर्शन राहून गेलं." मी म्हणालो, "तुझं सरांचं दर्शन राहून गेलं." मग माझं बोलायची पाळी आली. मी विचारलं, चहा टाकू का?