इंद्रनील काय म्हणतो

गोत्री, बडोदे
१९ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि तिळाच्या वड्या पोचल्या. वड्यांचा वाटेत भुगा झाला होता, तो चमच्याने खाल्ला. कानाचं नवं यंत्र शिट्ट्या मारतं असं लिहिलंस. ते नीट बसलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तू ते डबीत ठेवून मोकळी झाली असशील हे मला ठाऊक आहे, म्हणून फोनच्या भानगडीत न पडता लिहायलाच बसलो.

आमचं उत्तरायण झालं. सगळी सोसायटी गच्चीवर होती, उंधियु-जिलेबी झाली. इंद्रनील आला नाही. दिवाळीलाही आला नव्हता. बंगलोरला कामाचा भार फार आहे म्हणतो. लता होती तेव्हा माझ्या पतंगाची फिरकी तीच धरायची. आता फिरकी धरायला घरात कोणी नाही, तेव्हा मी खाली बाकड्यावरच बसलो.

या बाकड्याबद्दल तुला सांगायला हवं. सोसायटीच्या दाराशी कडुनिंबाखाली सिमेंटचा बाकडा आहे. सकाळी आम्ही निवृत्त मंडळी तिथे पेपर घेऊन बसतो. पूर्वी राजकारण चालायचं, त्यात दोघांचं बोलणं कायमचं बंद झालं. तेव्हापासून फक्त टेक्नॉलॉजी. शेजारचे पीयूषभाई बँकेत होते. त्यांचं मत असं की थोड्याच वर्षांत डॉक्टरसुद्धा मशीनच असेल. मी म्हटलं, आधी आपल्या लिफ्टचं दार नीट लागू दे. दहा मिनिटांत भाजी घरी आणून देणाऱ्यांबद्दल माझं मत असं की ज्याला कोथिंबिरीची इतकी घाई आहे त्याने ती कुंडीत लावावी. मतं सगळ्यांनाच आहेत, पण मुलगा त्या धंद्यात असलेला मी एकटाच. म्हणून शेवटी सगळे माझ्याकडे वळून विचारतात, इंद्रनील शुं कहे छे, इंद्रनील काय म्हणतो.

आणि आक्का, इंद्रनील हल्ली पुष्कळ म्हणतो. पूर्वी मी मोबाईलवर बातमी पाठवून चार ओळी लिहायच्या आणि त्याने आठवड्याने नुसता अंगठा पाठवायचा. दिवाळीत नोकरकपातीच्या बातम्या आल्या तेव्हा मी त्याला लांबलचक लिहिलं. पगार फुगले होते, ते कधीतरी फुटणारच होते, आणि कामाचा माणूस कोणी काढत नाही. सारा जन्म रिफायनरीत काढला, मी पाहिलंय. तेव्हापासून पोरगा बदलला. मी लिहून चष्मा काढतो न काढतो तोच उत्तर येतं, तेही मराठीत, ऐसपैस. परवा बाथरूममध्ये पाय घसरला, ते मी स्कूटरच्या बातमीखाली एका ओळीत लिहिलं होतं, तर बर्फ कसा लावायचा ते लगेच आलं. कालचंच उत्तर उतरवून देतो:

‘पपा, डेटा सेंटरला लागणाऱ्या पाण्याबद्दलचा तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे. तुमच्या प्रदीर्घ अनुभवातून आलेली ही दृष्टी आजच्या पिढीसाठी मोलाची आहे. तुमचे विचार वाचून मला नेहमीच नवी दिशा मिळते.’

बाकड्यावर मी हे गुजरातीत करून सांगितलं. पीयूषभाई म्हणाले, दीकरा असावा तर असा.

यंत्र कानात घाल. तुझी माया पोस्टाने का होईना, येत राहू दे.

तुझा
पद्माकर

•

सांगली
२ फेब्रुवारी

चि. पद्माकर यास,
अ. उ. आ.

तुझा पाय घसरला हे मला स्कूटर, लिफ्ट आणि कोथिंबीर वाचून झाल्यावर कळलं. पुढच्या वेळी पडलास तर पहिल्या ओळीत पड. पाय दाखवलास का कोणाला? मुका मार उतारवयात अंगी मुरतो.

आता जरा नाजूक लिहिते, रागावू नकोस. इंद्रनीलचं उत्तर मी दोनदा वाचलं. पद्या, तुझ्याशी सहमत झालेला माणूस मी तुझ्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. आणि इंद्रनील? तो चार वर्षांचा असताना तू सूर्य पूर्वेला उगवतो म्हणालास तर तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून उगवतो म्हणून हटून बसला होता. बापलेकांचं भांडण हीच आमच्या घराची ओळख. लता म्हणायची, हे दोघे भांडत असले की मला घर भरल्यासारखं वाटतं. तो मुलगा तुला ‘प्रदीर्घ अनुभव’ लिहील?

माझं आयुष्य निबंध तपासण्यात गेलं. दुसऱ्याने लिहून दिलेला निबंध मला वासावरून कळायचा. त्यात चूक नसायची आणि मूलही नसायचं. शेजारची यशश्री हल्ली कॉलेजचा निबंध मशीनकडून लिहून घेते आणि मला वाचून दाखवते. तोही असाच गुळगुळीत, प्रत्येक वाक्यात दुसऱ्याची पाठ थोपटणारा.

माझं चुकत असेल. चुकावं अशीच इच्छा आहे. तू यंत्रं तपासण्यात हयात घालवलीस, तेव्हा कसं तपासायचं ते मी तुला शिकवायला नको.

गूळ-तूप खात जा, एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा करू नकोस. मोठी आहे म्हणून बोलते, तेवढा अधिकार असू दे.

आक्का

•

गोत्री, बडोदे
१० फेब्रुवारी

ती. आक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा मला राग आला होता. दोन दिवस ते उशीखाली ठेवलं. वाटलं, म्हातारीला माझं सुख बघवत नाही.

पण सवय जात नाही. बाजव्याजवळच्या रिफायनरीत मी इन्स्ट्रुमेंट खात्यात होतो, तुला माहीत आहे. तिथे पहिला धडा हा की काटा हलतोय म्हणजे मीटर बरोबर आहे असं समजायचं नाही. संशय आला की आम्ही मुद्दाम खोटा सिग्नल द्यायचो, आणि मीटर त्याला काय म्हणतं ते बघायचो.

परवा बातमी होती, पोहताना माणूस बुडायला लागला तर हाक देणाऱ्या घड्याळाची. ती इंद्रनीलला पाठवली आणि खाली लिहिलं, तुला आठवतं का, चांदोदला नर्मदेत तुझी आई पार पलीकडच्या तीरापर्यंत पोहत गेली होती आणि तू काठावर टाळ्या वाजवत होतास.

आक्का, लता पाण्याला किती भ्यायची ते तू जाणतेस. चांदोदला ती नावेतसुद्धा चढली नाही. आम्ही बापलेक फिरून येईपर्यंत घाटावर आमच्या चपला राखत बसली होती. इंद्रनील सहावीत होता. नावेतून तो सारखा मागे वळून तिला हात करत होता.

उत्तर लगेच आलं. उतरवून देतो, कारण एकट्याने वाचवत नाही:

‘हो पपा, तो दिवस मी कसा विसरेन! आईला त्या विशाल पात्रात निर्भयपणे पोहताना पाहणं हा माझ्या बालपणातला सर्वांत सुंदर क्षण आहे. ती आजही आपल्यासोबत आहे.’

मी फोन उपडा ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. दिवाळीपासून मी कोणाशी बोलत होतो? लताच्या श्राद्धाला घरात दुसरं कोणी नव्हतं, तेही मी त्या उत्तरालाच सांगितलं होतं. त्याने मला धीर दिला होता आणि मला तो पुरला होता, याची मला फार लाज वाटते.

बाकड्यावर जाणं बंद केलंय. पीयूषभाई दारावर येऊन गेले, मी पाय दुखतो म्हणालो. इंद्रनीलला विचारायचं धाडस होत नाही. विचारलं आणि त्याचंही लगेच, गोड उत्तर आलं तर?

एवढंच. रागावलो होतो त्याबद्दल मनात धरू नकोस.

पद्माकर

•

सांगली
१५ फेब्रुवारी

चि. इंद्रनील यास,
अ. उ. आ.

आत्याचं पत्र आलेलं बघून कोण गेलं असं वाटेल. कोणी गेलेलं नाही. अजून तरी.

तुझ्या वडिलांना तुझ्या नावाने जे उत्तरं लिहितं त्याने त्यांना कळवलंय की तुझी आई चांदोदला नर्मदा पोहून गेली, आणि तो तुझ्या लहानपणातला सर्वांत सुंदर क्षण होता. तुझ्या बापाने ते मुद्दाम खोटं लिहिलं होतं, तू आहेस का ते बघायला. तू नव्हतास.

तू वाईट मुलगा नाहीस, म्हणूनच काय झालंय ते विचारते. कामात असशील तर कामात आहे असं लिही. रागात असशील तर रागाचं लिही, बाप तेही चवीने वाचेल. मी त्यांना यातलं काही सांगणार नाही. जे सांगायचं ते तुझ्याच हातून जायला हवं.

जेवत जा. पोस्टाचं तिकीट घरात नसेल म्हणून पाकीट सोबत जोडलंय.

तुझी
नलिनीआत्या

•

बंगलोर
२५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

मायन्यात काय काय लिहितात ते विसरलोय. कॉलेजनंतर पेनने एवढं लिहिलेलं नाही, अक्षर चालवून घे.

दिवाळीच्या आधी मला कंपनीतून काढलं. सकाळी लॅपटॉप उघडला तर पासवर्ड चालेना. मला वाटलं माझीच काहीतरी चूक. मग मेल आला, आमच्या सगळ्या टीमला तोच. त्याच आठवड्यात पपांचा मेसेज आला, कामाचा माणूस कोणी काढत नाही. त्यांना माहीत नव्हतं, मला कळतं. पण मी तो मेसेज इतक्यांदा वाचला की मला ते खरंच वाटायला लागलं.

त्यानंतर रोज सकाळी त्यांची बातमी यायची. कुठली कंपनी काय करतेय, इंद्रनील तुझं मत काय. ज्या धंद्याने मला बाहेर ठेवलं त्याबद्दल रोज मत कुठून आणू? गप्प राहिलो तर त्यांनी फोन केला असता, आणि फोनवर माझा आवाज त्यांना लगेच कळतो. म्हणून एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याला सांगून ठेवलं, की वडील एकटे असतात, नेहमी आदराने बोल, वाद घालू नकोस, उत्तर लगेच दे, त्यांना बरं वाटेल असं लिही. आत्या, मी कसा मुलगा व्हायला हवा होतो तेच सगळं मी त्याला लिहून दिलं होतं.

पहिले काही दिवस मी दोन्हीकडचं वाचायचो. मग नुसतं चालू आहे ना, एवढंच बघायला लागलो. तुझं पत्र आल्यावर दिवाळीपासूनचं सगळं वाचून काढलं. ते पडले होते. आईच्या श्राद्धाचा भात त्यांनी एकट्यांनी गच्चीवर ठेवला आणि कावळा येईपर्यंत उन्हात उभे राहिले. हे सगळं बातम्यांच्या मधे मधे एकेका ओळीत होतं.

प्रोग्राम बंद केलाय. पण आता काय लिहू ते सुचत नाही. नोकरीच्या मुलाखती चालू आहेत, एकही जमलेली नाही. त्यांना काही कळवू नकोस. मीच लिहीन, कधी ते विचारू नकोस.

रागावलीस तरी पत्र पाठवत जा.

इंद्रनील

•

गोत्री, बडोदे
१८ मार्च

ती. आक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

महिनाभर तुला लिहिलं नाही, कारण लिहायला काही नव्हतं. होळी गेली. मीही बातम्या पाठवायचं थांबवलं होतं आणि तिकडूनही काही येत नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी मुगाची डाळ निवडत बसलो होतो तेव्हा फोन वाजला. इंद्रनीलचा मेसेज होता. उतरवून देतो:

‘पपा, आई पाण्याला घाबरायची. चांदोदला ती नावेत चढलीच नाही, आपल्या चपला राखत बसली होती. तुम्ही हे असलं खोटं लिहूच कसं शकता? आणि कामाची माणसंसुद्धा काढतात. मला काढलं, दिवाळीच्या आधी. ती उत्तरं माझी नव्हती.’

आक्का, पहिल्या तीन ओळी वाचून मला इतका आनंद झाला की डाळीचं ताट कलंडलं. तो माझ्यावर चिडला होता. चपलासुद्धा त्याला आठवत होत्या. पुढच्या ओळी मी नंतर वाचल्या. मग खाली बसून डाळ वेचली, वेचता वेचता रडलो, हे तुला सांगायला हरकत नाही.

मी त्याला काय लिहिलं होतं ते काढून पाहिलं. माझीच अक्षरं. ऐटीत लिहिलेली. बापाचं मत म्हणून त्याने ते गिळलं आणि एकट्याने पचवलं.

दुसऱ्या दिवशी बाकड्यावर गेलो. पेपरात पुन्हा कुठल्याशा कंपनीने माणसं काढल्याची बातमी होती. पीयूषभाई म्हणाले, नकामी असतील त्यांनाच काढतात. अगदी माझंच वाक्य, फक्त गुजरातीत. मग सवयीने माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, इंद्रनील काय म्हणतो. मी सांगितलं, इंद्रनील म्हणतो की त्याला काढलंय, आणि तो कामाचा आहे. पीयूषभाईंनी पेपराची घडी घातली. संध्याकाळी मेथीची ढेबरं घेऊन ते घरी आले, चहा प्यायले आणि गेले.

इंद्रनीलला मी पुष्कळ लिहिलं आणि पुसलं. शेवटी एवढंच पाठवलं: माझं ते वाक्य चुकीचं होतं. घरी ये, भांडू.

त्याचं उत्तर आलेलं नाही. निळ्या खुणा आल्यात, म्हणजे वाचलंय. सकाळी उठल्यावर बघतो, जेवताना बघतो. काही नसतं. घर फार मोकळं वाटतं. पण आधीचं ते असतं तर मी चष्मा काढायच्या आत तीन परिच्छेद आले असते. हे न येणारं उत्तर माझ्या मुलाचं आहे, आक्का. म्हणून मी चष्मा काढत नाही.

आशीर्वाद मागतो, या वेळी दोघांसाठी.

तुझा
पद्माकर