एका गल्लीत दोन गाळण्या

प्रिय माई,

काल रथसप्तमी झाली आणि आपला सीझन संपला. दर वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन यायचा, "झालं गं बाई, सगळं लुटलं!" वाण लुटायच्या त्या बायका, तू तर विकायचीस, पण आनंद असा, जणू तूच सगळं वाटलंस! आज चहा झाला तरी फोन वाजला नाही, तेव्हा उमगलं, यंदा सांगायचंय ते मलाच. म्हणून हे पत्र.

मार्गशीर्ष लागला की धारच्या घरात पुढच्या खोलीतला पलंग भिंतीला उभा टेकवला जायचा आणि तिथं तुझं दुकान मांडलं जायचं. कुंकवाच्या डब्या, बटवे, आरसे, चमचे. मराठी घरांना हळदीकुंकवाला लागणारं वाण तू इंदूरहून घाऊक आणायचीस. आमच्या देवासलाही दोन थैल्या घेऊन यायचीस आणि माझ्या घरी राहून गल्लीतल्या बायकांना विकायचीस. आलेल्या पैशातून आधी पुढच्या वर्षीच्या मालाची रक्कम पोस्टात, मग नातवंडांचं, आणि उरलंच तर स्वतःला एक साडी. मध्येच बाबांनी हात पुढे केला तर म्हणायचीस, "हा पैसा नाही हो, हा माल आहे." भांडवल कशाला म्हणतात, हे मला त्या एका वाक्यानं कळलं.

आणि मी? मी पेपरात छोट्या धंद्यांवर सल्ले लिहिते. तू ते चष्मा लावून वाचायचीस आणि म्हणायचीस, "मंजे, काठावर उभी राहून पोहायला छान शिकवतेस हं!"

तू दसऱ्यानंतर गेलीस. मार्गशीर्ष जवळ आला तशी वहिनी म्हणाली, "ताई, आमचं वर्ष आहे. या दारातून वाण जाणार नाही. तुम्ही सासरच्या, तुम्हाला चालतं. नाहीतर मग बंद करू. माईंबरोबरच गेलं म्हणायचं."

तुझ्याबरोबरच गेलं? मला ते वाक्य सोसेना. मी म्हटलं, एक सीझन मी करते. जमलं तर धंदा राहील, नाही जमलं तर मीच बंद करीन.

इंदूरचा तुझा तो घाऊकवाला, ज्याला तू भैयाचं 'भिया' म्हणायचीस, मला बघून हळहळला. मग लगेच धंद्यावर आला. "माई तो ये दो दर्जन, वो दो दर्जन, माथा खा जाती थीं. आप तो दीदी, पूरा कार्टन उठा लो. रेट में फरक पड़ेगा." मला पटलं. पटणारच! एकच चालणारी वस्तू भरपूर घ्या, भाव उतरवून घ्या, हे मीच कितीदा लिहिलं होतं. मी चहाच्या गाळण्यांचं कार्टन उचललं. बारीक जाळी, निळी मूठ. बाकीच्या वस्तू नावाला.

आमच्या गल्लीतल्या दोघी जगदाळे काकू तुला ठाऊक आहेत. सख्ख्या जावा, मध्ये एक भिंत. थोरल्यांनी गाळण्या नेल्या. धाकट्यांना आवडल्या, त्यांनीही नेल्या. एकीचं हळदीकुंकू सोमवारी, दुसरीचं मंगळवारी, आणि दोन्हीकडे बायका त्याच.

बुधवारी धाकट्या काकू दारात! "काय गं मंजू, गल्लीत चहा पिणारे किती नि गाळण्या किती? सगळ्या म्हणताहेत, धाकटीनं थोरलीची नक्कल केली! माई असं कध्धी करत नव्हत्या. मी हात जोडून मागितलं तरी नाही. 'थोरलीनं आरसे नेलेत, तू बटवे ने.' मला वाटायचं, काय हट्टी बाई आहे!"

मला हे माहीतच नव्हतं. माई, कुणाला काय दिलं, कुणाच्या शेजारी कोण राहतं, सगळं तुझ्या डोक्यात! इतकी वर्षं माझ्या घरात बसून विकलंस, मला एकदा सांगायला काय झालं होतं? की मी विचारायची वाट बघत होतीस?

गल्लीत बातमी फिरली. ज्यांनी गाळण्या सांगून ठेवल्या होत्या त्यांनी नको म्हटलं. कार्टन निम्मंही संपलं नव्हतं. हे आपल्याच्यानं व्हायचं नाही, असं वहिनीला कळवायला मी फोन हातात घेतला, तर तुझा फोन वाजला. तो मी अजून चार्ज करून ठेवते.

"माई, इस साल भूल गईं क्या हमें? सरदारपुर का रस्ता याद है ना?"

तुझ्या सरदारपुरच्या गिऱ्हाईक, देवधर मावशी. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. मग मराठीत म्हणाल्या, "तू मंजू ना? पेपरात लिहिणारी? पेपर दाखवत फिरायची ती आम्हाला. सामान घेऊन ये तू."

तू माझे लेख घेऊन फिरायचीस? मला तर नुसते टोमणे मारायचीस!

धारहून पुढची बस धरून, थैल्या मांडीवर घेऊन मी गेले. मावशींनी पोहे पुढे ठेवले. "पहिल्यांदा आली ना तुझी आई, घामाघूम होती," त्या म्हणाल्या. "मला म्हणे, 'आमच्या गल्लीत एकीला दिलेली वस्तू दुसरीला देत नाही. मग उरलेला माल घेऊन बसते बसमध्ये.' आम्ही इथं मोजकी मराठी घरं. प्रत्येकीला वेगळी वस्तू दिली आणि जाताना विचारते कशी, 'तुमची बहीण, नणंद कुठल्या गावी दिली आहे?' माझी नणंद बदनावरला. गेली की बदनावरला!"

मी ज्याला तुझी माया समजत होते, तो तुझा हिशोबही होता. बायकांचा मान राखायचा म्हणून एका गल्लीत जास्त विकायला तू नाही म्हणालीस, आणि त्यामुळेच तुझा धंदा गावोगाव गेला. किती अभिमान वाटला माई, काय सांगू! मी परक्या लोकांच्या यशाच्या कहाण्या शोधत हिंडले. तुझ्यावर मात्र एक ओळ लिहिली नाही. आईचं ते घरगुती, असंच वाटत राहिलं.

मावशींच्या घरी गाळण्या दिल्या, त्यांच्या शेजारी नाही. बदनावरला नणंदेकडे दिल्या. तिनं आणखी एक पत्ता दिला. कार्टन संपलं, माई!

काल वहिनीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "ताई, पुढच्या संक्रांतीला आमचं वर्ष सरलेलं असेल. माल इथंच मांडू, दारात मी बसते. बसमध्ये मात्र तुम्ही. मला बस लागते." आम्ही दोघी हसलो आणि मग दोघीही रडलो. बाबा आतून विचारत होते, काय झालं म्हणून. काही नाही, धंदा राहिला.

एक मात्र जमलं नाही. कालच सकाळी तुझ्या फोनवर गंधवानीहून एक मुलगी बोलली. तिथल्या दवाखान्यात नवी नर्स आहे. देवधर मावशींकडून नंबर मिळाला म्हणाली. "इकडे मराठी घर नाही हो. शेजारच्या पाच जणींना आज संध्याकाळी बोलावलंय. त्यांना हळदीकुंकू म्हणजे काय ते माहीत नाही, पण येतो म्हणाल्या. पाचच वाणं देता का?" देवासहून संध्याकाळपर्यंत कशी पोहोचणार? मी नाही म्हटलं. "कोई बात नहीं ताई, मी तिळगूळ देते," म्हणाली बिचारी. फोन ठेवल्यावर मला वाटलं, बरं झालं, पाच वाणांसाठी एवढा प्रवास परवडलाही नसता.

आणि लगेच तुझा आवाज कानात आला. "पाच वाणं नाहीत ती मंजे. पाच घरं आहेत!"

मी तिला परत फोन केला. तिला जो शब्द दिला तोच तुला देते. पुढच्या संक्रांतीला माझी पहिली बस गंधवानीची.

तुझी,
मंजू
देवास