खोकल्यासकट ब्राह्म्स

ओमारू, ९ ऑगस्ट १९८९

प्रिय अ‍ॅथोलदादास, धाकट्या एल्स्पेथचा मनापासून नमस्कार.

इकडे आम्ही दोघीही खुशाल आहोत, म्हणजे मी आणि मांजर. तुझा गुडघा कसा आहे? क्वीन्सलँडच्या उन्हानं तो सुधारेल असं तुमचे डॉक्टर म्हणत होते, पण ऊन खाऊन सुधारलेला गुडघा मी अजून पाहिलेला नाही. वहिनींना सांग, त्यांनी पाठवलेला आंब्याचा जॅम पोचला. (चव वेगळी आहे. वाईट नव्हे, वेगळी.) इथं ऐन हिवाळा, थंडीचा कडाका असा की सकाळी बाटलीतलं दूध गोठून वरचं चंदेरी झाकण टोपीसारखं उचललेलं असतं. तरीही मी ठणठणीत आहे, कारण आजारी पडायला मला महिनाभर फुरसतच मिळाली नाही.

याला कारण आमचं ग्रामोफोन मंडळ. तू हसणार हे मला ठाऊक आहे. वाचनालयाच्या मागच्या खोलीत म्हातारी माणसं गुडघ्यावर ब्लँकेट घेऊन तबकड्या ऐकतात आणि मग चहाबरोबर लोणी लावून स्कोन खातात, असं तू वहिनींना सांगितलंस ते माझ्या कानावर आलंय. सांगितलंस ते खरंच आहे, पण त्यात एक राहिलं: वर्षातून एकदा आम्ही एक तबकडी विकत घेतो आणि ती कुठली घ्यायची यावरून एकमेकांचे गळे धरतो. मला सुरुवातीला याचं फार नवल वाटायचं. सिंफनी एकच, लिहिणारा एकच, मग पाच जणांनी वाजवलेली पाच वेळा ऐकून त्यातली एक निवडायची म्हणजे काय? बटाटे का आहेत ते? मग एकदा एनिडनं केलेले स्कोन खाल्ले. मैदा तोच, लोणी तेच, दूधही त्याच गाईचं, आणि तरी माझे स्कोन तिच्या स्कोनांपुढं ठेवायची लाज वाटावी. तेव्हापासून मी कान देऊन ऐकू लागले, आणि खरं सांगते दादा, या वयात एवढं कुतूहल बरं नव्हे. परवा तर भांडी घासताना मी नळाच्या दोन धारांतली बरी कुठली ते ठरवत उभी होते.

यंदाचा घोळ सुरू झाला तो ब्राह्म्सच्या सिंफनीवरून. आपल्या म्युनिसिपल हॉलमध्ये वेलिंग्टनचा ऑर्केस्ट्रा आला होता ती रात्र तुला आठवत असेल. रेडिओवाल्यांनी छतावरून मायक्रोफोन टांगले होते आणि पुढं त्याची तबकडी निघाली. ओमारूत झालेली तेवढी एकच तबकडी, त्यामुळं मंडळाचं ते दैवतच. तिच्यातल्या संथ भागात चेलोंचे खर्जातले सूर हळूहळू विरत जातात, सगळं शांत होतं, आणि त्या शांततेत कुणीतरी खोकतं. आधी एक बारका खोकला, मागोमाग एक दणदणीत, थंडीत ट्रॅक्टर सुरू करावा तसा. तो खोकला आम्हाला इतका पाठ आहे की तो आला की लोक समाधानानं मान डोलावतात. हा खोकला कुणाचा, यावर गावात वीस-पंचवीस वर्षं दोन तट आहेत. रॅनल्ड खाटीक म्हणतो, माझा. गेल्या वर्षी मंडळानं त्याला भर सभेत खोकून दाखवायला लावलं. सगळ्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि 'फार ओला' म्हणून त्याचा दावा फेटाळला. (तेव्हापासून मला सॉसेज देताना तो छताकडे बघतो.) दुसरा दावा एनिडचा: खोकला तिच्या मर्डोचा.

एनिड टलॉक तुला आठवेलच. मर्डो गेल्याला आता बरीच वर्षं झाली. त्या कार्यक्रमाला ती नव्हती, घरी तान्ही मुलगी होती. तबकडी निघाली तेव्हा मर्डोनंच तिला ऐकवून सांगितलं, 'हा बघ, हा मी.' तिला संगीतात काडीचा रस नाही. एका सिंफनीत एक बाही विणून होते एवढाच तिचा ब्राह्म्सशी संबंध. पण ती जागा जवळ आली की तिच्या सुया थांबतात. मर्डोचे फोटो आहेत, सगळ्यांत डोळे बारीक करून उन्हाकडे बघणारे. आवाज मात्र कुठंच नाही. टेलिफोनवर बोलायची त्याला भीती वाटायची आणि टेपरेकॉर्डर त्यांच्याकडे कधी नव्हता. जगात त्याचा म्हणून जो आवाज उरलाय तो तेवढाच, दोन खोकल्यांचा.

आणि ती तबकडी आमच्या फर्गसनी वाकवली. फर्गस म्हणजे आमचे चिटणीस, बँकेतून निवृत्त झालेले. माणूस सज्जन, पण दमटपणाचा धसका घेतलेला. वाचनालयात ओल येते म्हणून त्यांनी तबकडी घरी नेली आणि गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या खाली जपून ठेवली. बाहेर आली तेव्हा ती अशी खोलगट झाली होती की तिच्यात मटणाचा पाय भाजता आला असता. लावून पाहिली तर सुई डोंगर चढायची, दरीत उतरायची आणि ब्राह्म्सला बोट लागायची. खोकल्याच्या जागी तर सुई सरळ उडी मारून पुढं जायची.

तेव्हा नवीन ब्राह्म्स घेणं आलं. फर्गसनी चार उमेदवार मागवले: एक जर्मन, एक लंडनची, एक अमेरिकन आणि चौथी आपल्याच हॉलमधली, त्या रात्रीचीच, आता नव्यानं सीडीवर निघालेली. (मंडळानं यंदा सीडीचं यंत्र घेतलंय. फर्गस त्यावर कुणाला बोट ठेवू देत नाहीत.) वेष्टन बघून कुणी मत देऊ नये म्हणून ते पडद्यामागं बसून एकेक संथ भाग लावत होते. जर्मन फार घाईत होते. लंडनची ऐकताना दोघांना झोप लागली, जी काहींच्या मते शिफारसच होती. अमेरिकन मला आवडली, पण मी गप्प बसले. मग चौथी लागली आणि पहिल्याच सुरांना सगळे ताठ झाले. आपला हॉल आवाजावरून ओळखू येतो रे, घर ओळखू येतं तसा. एनिडनं सुया मांडीवर ठेवल्या. चेलो विरत गेले. शांतता झाली. आम्ही सगळे वाट बघत राहिलो.

काहीच आलं नाही. तिकडच्या हुशार लोकांनी यंत्रावर तो खोकला पुसून टाकला होता. आणि दादा, ती मोकळी जागा कुणालाच सहन होईना. आधी रॅनल्ड खोकला. मग त्याच्या शेजारची बाई. मग अख्खी खोली खोकली, मीसुद्धा! पडद्यामागून फर्गसचा घाबरा आवाज आला, 'गॅस गळतोय का?' आम्ही हसून हसून बेजार झालो, आणि हसता हसता पाहिलं तर एनिडची खुर्ची रिकामी.

ती स्वयंपाकघरात चहाच्या बंबापाशी पाठमोरी उभी होती. 'त्यांनी खरवडून काढला गं त्याला,' ती म्हणाली. 'तव्याला लागलेलं काढावं तसा.' मी तिच्या हातात कप दिला, तिनं तो परत माझ्याच हातात दिला. मला तिची इतकी माया आली की सांगता येत नाही. 'तू होतीस ना हॉलमध्ये, एल्स्पेथ?' तिनं विचारलं. 'तोच होता ना?' मी म्हटलं, 'दुसरं कोण असणार?' आणि बंबाची तोटी सोडली.

बाहेर वाद पेटलाच होता. फर्गसचं म्हणणं, सीडी स्वच्छ आहे, टिकाऊ आहे आणि मंडळाचं नाव ग्रामोफोन मंडळ आहे, खोकला मंडळ नव्हे. मी म्हटलं, अहो फर्गस, जुनी तबकडी डनीडिनच्या जुन्या मालाच्या दुकानात मिळेल की. ते म्हणाले, उपलब्ध उत्तमातून निकृष्ट निवडणारं जगात आपलं एकच मंडळ असेल. तेवढ्यात एनिड किटली घेऊन दारात आली. 'तुम्हाला संगीत हवं असेल तर ती तीन आहेत, फर्गस,' ती म्हणाली. 'मला माझा नवरा हवाय.' मग रॅनल्डनं हात वर केला, सॉसेजसारखी पाची बोटं ताठ. 'जुनी घ्या,' तो म्हणाला. 'आणि लिहून ठेवा, खोकला मर्डोचा. मी त्या रात्री ठणठणीत होतो.' माझ्या मते ओमारूत एवढं मोठं मन कुणी दाखवलेलं नाही. त्यानंतर सगळेच हात वर गेले, शेवटी फर्गसचाही, कोपरापर्यंत का होईना.

डनीडिनला मी आणि एनिड बसनं गेलो. (ती वाटेत अर्धी बाही विणून मोकळी.) दुकानदार तरुण आणि प्रामाणिक. म्हणाला, 'आजी, ही देतो, पण आधीच सांगतो, मधे एक माणूस घाणेरडा खोकलाय. किमतीत सूट देईन.' एनिडनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं टोपीच काढली. 'सूट राहू दे,' ती म्हणाली. 'आणि घाणेरडा कुणाला म्हणतोस?' पूर्ण किंमत मोजून तबकडी घेतली आणि परतीच्या बसमध्ये ती मांडीवर धरून बसली, मला हातसुद्धा लावू दिला नाही. आता मंडळाच्या ठरावानं ती एनिडच्याच घरी असते, कारण तिच्याकडे टाकीचं कपाट नाही.

बाकी सर्व ठीक. वहिनींना पुन्हा नमस्कार, गुडघ्याला जप.

तुझी,
एल्स्पेथ

ता. क. तू नाताळला येतोयस हे कळल्यावर एनिडनं आपल्या दोघांना जेवायला बोलावलंय. कोवळे बटाटे, कोकराचं मटण, वर साय थापलेला गोड पाव्लोव्हा, आणि जेवणानंतर ब्राह्म्स. नाही म्हणता येणार नाही, मी हो म्हणून बसले आहे.

ता. क. दुसरा. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. दादा, त्या रात्री तू माझ्या डाव्या हाताला बसला होतास आणि तुझी छाती भरली होती. मी रुमाल काढेपर्यंत दोन्ही खोकले होऊन गेले होते. मर्डो मध्यंतरातच, ब्राह्म्स सुरू व्हायच्या आधी, बाहेर पडला होता, आणि कार्यक्रम सुटल्यावर तो आपल्याला ट्रकमध्ये सापडला, कुत्र्याला कवटाळून गाढ झोपलेला. बायकोला तो हे कसं सांगणार? तू अजून तसाच खोकतोस, आधी बारका, मग दणदणीत. गेल्या खेपेला फोनवर ऐकलं मी. म्हणून हात जोडते, एनिडच्या घरी खोकायचं नाही. आलाच तर सरळ उठून परसातल्या वाटाण्यांत जा. आणि तिनं त्या रात्रीचं विचारलं, तर तू मध्यंतरानंतर हॉलमध्ये नव्हतास. मर्डोचा कुत्रा भुंकत होता, म्हणून त्याला गप्प करायला तू ट्रकमध्ये जाऊन बसलास. मी तिला तसं सांगून टाकलंय. परवा तिच्याकडे तबकडी ऐकली, तिच्या सुया थांबल्या, आणि शपथेवर सांगते, मलाही तो मर्डोच वाटला. तेव्हा तूही तसंच धरून चाल. कुत्र्याचं नाव टॉस होतं, विसरू नकोस.