'येतो' म्हणून जाणारी माणसं

ती. प्रभाताईस,

चिंतामणीचा साष्टांग नमस्कार (फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावरच लोटांगण). गुडघे काय म्हणतात? अकलूजला थंडी फार असेल, स्वेटर घालत जा. दिवाळीत चटणीतल्या लसणावरून आपलं वाजलं आणि तू तडक निघून गेलीस, ते अजून मनाला लागून आहे. पण आज लिहितोय ते दुसऱ्याच धक्क्याबद्दल. त्यातून मी अद्याप सावरलेलो नाही.

सृष्टीच्या शाळेत निवेदिता मॅडम मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतात. त्यांचं म्हणणं, पाठ काही करू नका, घरातला खराखुरा प्रश्न शोधा आणि सोडवा. आमच्या कन्येने शोधला: पाहुण्यांचा अंदाज आईला येत नाही आणि भाकऱ्या कमी पडतात. (आईने, म्हणजे आमच्या चेतनाने, कौतुकाने मान डोलावली, तिथेच घात झाला.) दिवाळीच्या सुट्टीतच सृष्टीने जुना मोबाईल दारामागे टांगला. तो बोलणं ऐकतो. कुणी 'आलो' किंवा 'येतो' म्हणालं की एक माणूस वाढवायचा, 'जातो' म्हणालं की एक कमी करायचा, आणि माणूस वाढला की समोर राहून भाकऱ्या करून विकणाऱ्या सोजरबाईंच्या फोनवर ऑर्डर.

परवा माझ्या बढतीचं जेवण होतं. ऑफिसची मंडळी वांग्याची भाजी, शेंगाचटणी यथेच्छ जेवून उठली. आता तूच सांग, आपल्यात निघताना 'जातो' कोण म्हणतं? साहेब म्हणाले 'येतो हं', त्यांच्या मिसेस म्हणाल्या 'येते', आणि हेडक्लार्क तर चप्पल सापडेपर्यंत 'येतो, येतो' करत राहिले. घर रिकामं झालं, मी सतरंजी गुंडाळतोय, तोच दारात सोजरबाई, डोक्यावर टोपलं! "भाऊ, पावणं कुटं हायत? हात मोडून आलं की थापून थापून!" मी नुसते हात जोडले. बिचाऱ्या "बरं, येते की" म्हणून वळल्या, आणि त्यांच्याच पिशवीतला फोन वाजला.

सृष्टीला झापलं, तर ती शांतपणे म्हणते, "प्रोग्रॅम बरोबर आहे बाबा, माणसंच खोटं बोलतात." या वयात ही वाक्यं! तेव्हापासून आम्ही दुधात भाकरी, ताकात भाकरी आणि फोडणीची भाकरी खातोय.

तुझाच,
चिंतू

ता. क. मॅडमनी सांगितलं, दुरुस्ती करण्याआधी प्रोग्रॅम कधी बरोबर चालला होता का ते बघ. सृष्टीने बघितलं. चालला होता, एकदाच. दिवाळीत तू दारातून 'जाते मी' म्हणालीस तेव्हा. त्याने घरातलं एक माणूस कमी केलं.

पुन्हा ता. क. संक्रांतीला ये. लसूण तुझ्या हाताने घाल. आणि निघताना 'येते' म्हण, ताई. भाकऱ्या आम्ही संपवू.