सोमवारचा पाऊस

१४ जुलै, सोमवार
पाऊस २२ मि.मी.
साडेआठला पर्जन्यमापक वाचला. एकटीनेच. मागच्या वर्षीपर्यंत माझी आठवीपासूनची विद्यार्थिनी दीक्षा माझ्या आधी येऊन उभी असायची. आता बाईसाहेब बारावीत, आणि भौतिकशास्त्राच्या नव्या पाटणकर सरांच्या ‘हवामान वर्गा’त. (यापुढे नुसतं पा. त्यांच्यासाठी एवढी शाई नाही घालवायची.)
पा. पुण्याचे. शाळा सुटल्यावर पोरांना सांगतात, हवामानशास्त्रात करिअर कसं करायचं, दुष्काळ-पुराचा अंदाज बांधणारी माणसं आपल्याच भागातून कशी तयार व्हायला हवीत. अर्ज, मुलाखत, सगळं. हेच मी भूगोलाच्या तासाला सांगायचे तेव्हा अर्धा वर्ग जांभया द्यायचा. आता खिडकीतूनसुद्धा ऐकतात.

१७ जुलै, गुरुवार
पाऊस ४.
पा.नी माझ्या पावसाच्या वह्या मागितल्या. सतरा वर्षांच्या नोंदी, सहा रजिस्टरं. पुण्यातल्या एका शिबिरासाठी दीक्षाची मुलाखत आहे, तिथे तिने गावच्या पावसावर बोलायचं. निवड झाली तर पुढच्या शिक्षणाची सोय होईल. वह्या दिल्या. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.
दीक्षा म्हणाली, “सरनं आमाले डेटा म्हंजे काय थे शिकवलं.” आठवीत मोजपात्र डोळ्यासमोर सरळ धरायला कोणी शिकवलं, ते मी विचारलं नाही.
संध्याकाळी भाजीत मीठ दोनदा पडलं. ह्यांनी निमूट खाल्ली, मग म्हणाले, “तुले काऊन एवढं लागून राह्यलं? पोरगी तं तुहीच हाये ना.”
तेच तर.

२१ जुलै, सोमवार
पाऊस ३१.
दीक्षा धावत आली. सगळे आकडे कॉम्प्युटरवर भरून झाले तिचे. “मॅडम, आपल्या गावात सोमवारीच काऊन जास्त पाऊस येते? आन् रविवारी तं कधीच नाही.”
असेल बाई, म्हणाले.
परतीच्या बसमध्ये जानेफळ येईपर्यंत कारण लक्षात आलं. रविवारी शाळेला कुलूप आणि मी मेहकरला घरी. रविवारचं पाणी बाटलीत तसंच राहतं, सोमवारी दोन दिवसांचं एकदम मोजलं जातं. पहिल्याच महिन्यात तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले होते, “रजिस्टरात रकाना खाली ठेवू नका मॅडम, तपासणीले लोक येतात.” म्हणून रविवारी शून्य लिहिलं. मग सवयच लागली. सतरा वर्षं.

२३ जुलै, बुधवार
पाऊस ९.
पा. खूश. फळ्यावर कारणांची यादी: गाड्यांचा धूर, धूळ, ढग. “फार इंटरेस्टिंग पॅटर्न आहे हा!”
खरं लिहिते, मला आनंद झाला. एवढा एम.एस्सी. माणूस, पण रविवारी कोण मोजतं हे विचारावंसं वाटलं नाही. पडू दे तोंडावर. मधल्या सुट्टीत दोन कप चहा प्यायले, तोही गोड लागला.

२४ जुलै, गुरुवार
पाऊस २.
पा. कुठे पडणार तोंडावर? ते इथेच असतील. पुण्यात त्या शास्त्रज्ञांसमोर दीक्षा उभी राहणार. सोमवारी जास्त पाऊस येतो म्हणून सांगणार, आणि कोणीतरी हसणार.
उद्या सांगते.

२५ जुलै, शुक्रवार
पाऊस ०.
गेले पा.कडे. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, “मॅडम, तुमच्या नोंदींशिवाय हे शक्यच नव्हतं. पहिल्याच स्लाइडवर तुमचं नाव टाकलंय, बघा.”
बघितलं. मोठ्या अक्षरात पूर्ण नाव, खाली ‘निरीक्षक’. सतरा वर्षांत हा शब्द मला कोणी लावला नव्हता.
“छान आहे,” मी म्हणाले आणि वर्गावर गेले. लिहितानाही लाज वाटते.

२७ जुलै, रविवार
पाऊस १८.
सतरा वर्षांतला पहिला रविवार. शिपाईमामांकडून चावी घेतली, दीक्षाला बोलावलं, बाटली तिच्या हातात दिली. तिने मोजपात्रात पाणी ओतलं, डोळ्यासमोर सरळ धरलं. अगदी शिकवलं तसं.
“अठरा.” मग थांबली. “मॅडम, आज तं रविवार हाये.”
“हो.”
“मले वाटे रविवारी मामा मोजत असतीन.”
सगळं सांगितलं. रकाना, शून्य, पा.वर जळत होते तेही. तिने पाणी मेंदीच्या कुंपणाला ओतलं.
“सोमवारीच सांगतलं असतं तं झालं असतं ना मॅडम. मी इतके दिवस थेच पाठ करून राह्यली.”
ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

२९ जुलै, मंगळवार
पाऊस ०. खरा.
काल दीक्षाने पा.ना सांगितलं. आता ते मला ऐकवणार, असं वाटलं. तर म्हणाले, “चूक माझी आहे मॅडम. आधी मीच विचारायला हवं होतं.” चांगले वागले. तेही सहन होत नाही.
सकाळी दीक्षा वडिलांबरोबर मलकापूरला गेली, पुण्याची गाडी पकडायला. आत्ता स्टेशनवरून मेसेज आला:
“मॅडम, सबन भाषण बदललं. रविवारचे शून्य काढले. नोंदीत चूक कशी सापडली यावरच बोल म्हणते सर. पण पहिल्या स्लाइडवर तुमचं नाव ठेवू का काढू? ठेवलं तं कोनाच्या वहीत शून्य व्हते थे समद्याइले कळन. गाडीत रेंज नसते, लवकर सांगा.”
‘ठेव’ लिहिलं. पुसलं. ‘काढ’ लिहिलं. पुसलं.
काढ म्हटलं, तर तिथे विचारतील, नोंदी कोणाच्या? आणि तिला माझ्यासाठी काहीतरी खोटं सांगावं लागेल.
ह्यांनी विचारलं, चहा ठेवू का? म्हटलं, थांबा जरा. तिची गाडी यायला दहा मिनिटं आहेत.