तिथी ठाऊक, वय नाही

शेलार, भिवंडी
२४ ऑगस्ट २०२५

चि. दिपालीस काकाचे अनेक आशीर्वाद.

श्रावणी सोमवारी पहाटे वज्रेश्वरीला गेलो. कुंडात आंघोळ केली, देवीपुढे हात जोडले. तुझ्या परीक्षेसाठी मागायचं होतं, पण मनात आलं भलतंच, की एकदा तरी हिचं गणित अडावं आणि हिने कॉलेजातल्या सरांना न विचारता मला विचारावं. नारळ तसाच घेऊन परतलो.

तुझ्या पत्रात ओळीआड ‘सर म्हणाले’. लूमची शिफ्ट करून आल्यावर पाढे तुला मी शिकवले. आता माणसं किती जगतात यावर तू विम्याचं गणित मांडतेस. ते सरांना कळतं, मला नाही.

पूर्णा गावचे पाहुणे पुन्हा येऊन गेले. मुलगा बरा आहे, पण लग्न मार्गशीर्षात हवं आणि एम.एस्सी.चं दुसरं वर्ष नको, म्हणतात. तुझा बाप म्हणतो, सावळाराम सांगेल तसं. मी अजून बोललो नाही.

घरातलं कोण कधी गेलं ते विचारलंस. सगळ्यांच्या तिथ्या सोबत आहेत. पितृपक्षात पानं मीच वाढतो, चूक नसणार.

सरांना देऊन लोभ उरला तर इकडे पाठव.

सावळारामकाका

पुणे
३० ऑगस्ट २०२५

ती. काकांस दिपालीचा शि. सा. नमस्कार.

काका, वद्य पंचमी दरवर्षी येते हो! आम्हाला माणूस वयाच्या कितव्या वर्षी गेला ते हवं. अमुक वयाच्या हजारांतले पुढच्या वर्षी किती उरतील, त्यावर सगळा अभ्यास उभा आहे. सर म्हणाले (रागावू नका), आधी आपल्या घराचा तक्ता करा. आजीपुढची जागा रिकामीच आहे. आक्काआजी तिची नणंद, तिला ठाऊक असेल. विचाराल?

आणि ज्यांचा एवढा हेवा करता, ते सर सतरा साते विचारलं की मोबाईल काढतात.

पाहुण्यांचं लिहिलंत, स्वतःचं मत नाही लिहिलंत. मला दुसरं वर्ष करायचंय. बाबा माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील.

रुसलात तरी माया पातळ करू नका.

तुमची दिपा

शेलार
१६ सप्टेंबर २०२५

चि. दिपास आशीर्वाद.

आक्काआत्याकडे गेलो. आधी तिने झापलं, की दरसाल आईचं पान वाढतोस नि वय ठाव न्हाय, कसला रे तू पोर? मग म्हणाली, वैनी माझ्याच वयाची, गेली तवा एकोणतीसची व्हती.

मी तेव्हा नऊ वर्षांचा, म्हणून आई मला म्हातारीच आठवते. काल अविधवा नवमीला पान वाढताना हात थांबला. तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी पोर ती, आणि मी एकोणपन्नासचा. पुढे तिला काय काय करायचं असेल, कुणाला माहीत. रिकाम्या जागेत एकोणतीस लिही. हे विचारायचं तुझ्या सरांना सुचलं, मला नाही, हे सलतं. सलू दे.

पत्राला उशीर झाला तरी आमच्यावरचा जीव कमी करू नकोस.

आज सकाळी तुझ्या बापाला सांगितलं, पोरगी शिकणार. तो म्हणाला, पाहुणे थांबायचे न्हाईत. म्हटलं, नाही थांबले तर नाही. त्याच्यासमोरच पूर्णा गावी फोन लावला आणि नकार कळवला.

तुझा काका